वस्तूंवरच्या नोंदी गायब झाल्या असतील तर आधी गेम बंद करा

गेला पॅच (गेमचं अपडेट) आल्यापासून वस्तूंवर लिहिलेली एकही नोंद दिसत नाही, सगळं पुसलं गेलं का, आणि आता वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टसाठी नोंदींचं दुसरं कोणतं अ‍ॅडऑन (गेमला जोडायचा छोटा प्रोग्राम) घ्यावं, असं तुम्ही विचारलंय. पहिल्या प्रश्नाला घाई आहे म्हणून तो आधी घेते. तुमच्या नोंदी बहुधा शाबूत आहेत. गेम पूर्ण बंद करा आणि पुढचं बघून होईपर्यंत उघडू नका.

अ‍ॅडऑनमध्ये लिहिलेलं काहीही गेमच्या सर्व्हरवर साठवलं जात नाही, ते तुमच्याच संगणकावर राहतं. गेमच्या फोल्डरमध्ये तुम्ही खेळता त्या आवृत्तीचं फोल्डर (‘_retail_’ वगैरे) आणि त्यात ‘डब्ल्यूटीएफ’ (WTF) नावाचं फोल्डर आहे, त्यात ‘अकाउंट’, त्यात तुमच्या खात्याचं फोल्डर आणि त्यात ‘सेव्हड व्हेरिएबल्स’. तिथे प्रत्येक अ‍ॅडऑनची, त्याच्या फोल्डरच्याच नावाची, एक लुआ फाइल असते. आधी सगळं डब्ल्यूटीएफ फोल्डर उचलून दुसरीकडे कॉपी करून ठेवा. मग कॉपीतली ती फाइल नोटपॅडमध्ये उघडा. साधा मजकूर असतो, तुमची वाक्यं ओळखू येतील.

वाक्यं दिसली तर नोंदी सुरक्षित आहेत, फक्त अ‍ॅडऑन चालत नाहीये. फाइल रिकामी निघाली तर तिच्या शेजारी त्याच नावाची, शेवटी ‘बीएके’ (.bak) लागलेली फाइल बघा. नवी फाइल लिहिताना गेम आधीची प्रत या नावाने ठेवतो. तिच्यात नोंदी असतील तर शेवटचं ‘बीएके’ काढून ती मूळ फाइलच्या जागी ठेवा. हे मात्र गेम बंद असतानाच करायचं, कारण बाहेर पडताना गेम स्वतःच्या मेमरीतलं सगळं फाइलवर लिहितो आणि तुमची दुरुस्ती पुसली जाते. तिथेही काही नसेल तर त्याच खात्याच्या फोल्डरमध्ये सर्व्हरचं आणि त्याच्या आत कॅरेक्टरचं फोल्डर आहे, त्यात शोधा. काही अ‍ॅडऑन्स खात्यासाठी एक फाइल न ठेवता प्रत्येक कॅरेक्टरची वेगळी ठेवतात. ऑल्टवर (आपल्याच दुसऱ्या कॅरेक्टरवर) लॉगिन करून ‘नोंदी गेल्या’ म्हणणाऱ्या निदान तिघांना मी असं मुख्य कॅरेक्टरवर परत पाठवलंय.

पॅचनंतर अ‍ॅडऑन बंद पडण्याची कारणं साधी असतात. प्रत्येकाच्या फोल्डरमध्ये त्याची माहिती देणारी टीओसी (.toc) फाइल असते, तिच्यात गेमच्या आवृत्तीचा आकडा लिहिलेला असतो, १०.०.२ साठी १००००२ असा. तो जुना राहिला की गेम अ‍ॅडऑनला कालबाह्य ठरवतो. कॅरेक्टर निवडायच्या पडद्यावर अ‍ॅडऑन्सच्या यादीत कालबाह्य अ‍ॅडऑन्सही चालवायची खूण करता येते, बऱ्याचदा तेवढ्याने काम होतं. पण नेहमी होत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याच १०.०.२ ने टूलटिपमध्ये (वस्तूवर माउस नेल्यावर उघडणाऱ्या माहितीच्या चौकटीत) ओळ घालायची जुनी पद्धतच काढून टाकली आणि नवी दिली. त्या आठवड्यात वस्तूच्या टूलटिपला हात लावणारी कितीतरी अ‍ॅडऑन्स एकदम गप्प झाली. फाइलमध्ये नोंदी जशाच्या तशा होत्या, त्या दाखवायची वाट तेवढी बंद झाली होती. घाबरून तेव्हा अनेकांनी फाइलीच उडवल्या, त्याचं मला अजून वाईट वाटतं. तिसरी शक्यता अशी की लेखकाने नव्या आवृत्तीत अ‍ॅडऑनच्या फोल्डरचं नाव बदललं. मग गेम नव्या नावाची फाइल शोधतो आणि जुनी तशीच पडून राहते.

ही फाइल लिहिली केव्हा जाते हेही लक्षात असू द्या. लॉगआउट करताना, गेम बंद करताना किंवा ‘रीलोड’ची, म्हणजे पडद्यावरचं सगळं नव्याने उघडायची, आज्ञा देताना. मधे नाही. गिल्डची (आमच्या खेळाडूंच्या गटाची) बँक माझ्याकडे आली तेव्हा मी दोन तास बसून प्रत्येक खणातल्या वस्तूवर नोंद लिहिली होती, कोणाकडून आली, कोणासाठी राखली. शेवटच्या खणावर असताना वीज गेली. संगणक परत सुरू केला तर एकही नोंद नव्हती, आणि कोणत्या फ्लास्कचं (औषधाच्या बाटलीचं) कोणाला वचन दिलं होतं ते आठवायला गिल्डमधल्या दहा जणांना विचारत फिरावं लागलं. तेव्हापासून वीसेक नोंदी झाल्या की मी रीलोड करते. रेडच्या (मोठ्या गटाने करायच्या लढाईच्या) मधे मात्र करू नका, पडदा परत येईपर्यंत लढाई थांबत नाही.

आता अ‍ॅडऑन कोणतं घ्यावं. नाव सांगत नाही, कारण आज चालणारं पुढच्या मोठ्या पॅचला चालेलच असं नाही. मी बघते ती गोष्ट एकच: अ‍ॅडऑन नोंद कशाला चिकटवतं. आपल्याला वाटतं आपण ‘या’ वस्तूवर लिहितोय. गेमला मात्र वस्तूचा क्रमांक कळतो. हार्थस्टोन म्हणजे ६९४८, लिननचं कापड म्हणजे २५८९. बहुतेक अ‍ॅडऑन्स या क्रमांकाला नोंद बांधतात आणि कापड, औषधं, क्वेस्टच्या वस्तू यांना ते अगदी योग्य आहे. सामान दुसऱ्या बॅगेत गेलं, बँकेत गेलं, ऑल्टला पाठवलं तरी नोंद बरोबर जाते.

घोळ होतो तो हत्यारं आणि चिलखतांमध्ये. क्लासिकमध्ये, म्हणजे गेमच्या जुन्या रूपात, हिरव्या नावाच्या वस्तूंना ‘ऑफ द ईगल’, ‘ऑफ द बेअर’ अशी शेपटं लागतात. ईगल म्हणजे स्टॅमिना आणि इंटेलेक्ट, बेअर म्हणजे स्ट्रेंग्थ आणि स्टॅमिना. एक मेजच्या (जादूगाराच्या) कामाची, दुसरी वॉरियरच्या (योद्ध्याच्या), पण मूळ वस्तूचा क्रमांक एकच. ईगलवाल्या पट्ट्यावर ‘मेजसाठी ठेवलाय’ लिहिलंत तर बेअरवाल्यावरही तेच दिसेल. चालू आवृत्तीत २०१४ च्या वॉरलॉर्ड्स ऑफ ड्रेनॉर या विस्तारापासून हेच आणखी वाढलं, तेव्हा बोनस आयडी (वस्तूच्या क्रमांकाला जोडले जाणारे जादा आकडे) आले आणि रेडच्या वेगवेगळ्या काठिण्यपातळ्यांवर मिळणारी तीच तलवार एकाच क्रमांकाखाली आली. पिंजऱ्यात ठेवलेले लढाऊ पाळीव प्राणी तर सगळेच ८२८०० या एका क्रमांकाचे. उलटा प्रकारही आहे. ड्रॅगनफ्लाइट या विस्तारापासून कच्च्या मालाला दर्जा आला आणि प्रत्येक दर्जाला स्वतंत्र क्रमांक मिळाला. नाव एक, चित्र एक, पण पहिल्या दर्जाच्या मालावर लिहिलेली नोंद तिसऱ्यावर दिसत नाही. हा अ‍ॅडऑनचा दोष नाही.

म्हणून मी असं अ‍ॅडऑन घेते ज्यात दोन्ही सोयी आहेत: नुसत्या क्रमांकावर नोंद, किंवा वस्तूच्या पूर्ण लिंकवर नोंद, ज्या लिंकमध्ये एन्चांट (वस्तूवर चढवलेली जादू), जेम (बसवलेलं रत्न), शेपूट, बोनस सगळं येतं. त्यातही एक खोच आहे. पूर्ण लिंकवर लिहिलेल्या तलवारीला उद्या एन्चांट लावलंत तर लिंक बदलते आणि नोंद सुटते. त्यामुळे पूर्ण लिंकवरची नोंद विकायच्या किंवा द्यायच्या वस्तूंसाठीच ठेवा. अंगावर घालायच्या वस्तूवर ती टिकत नाही.

नवं अ‍ॅडऑन टाकल्यावर दहा मिनिटं अशी तपासणी करा. एका वस्तूवर नोंद लिहा, रीलोड करा, मग ती वस्तू बॅगेत, बँकेत, व्हेंडरच्या (गेममधल्या दुकानदाराच्या) खिडकीत आणि ऑक्शन हाऊसमध्ये बघा. चॅटमध्ये तिची लिंक देऊन त्यावर क्लिक करा. ती खिडकी वेगळी असते, तुलनेसाठी शेजारी उघडणारीही वेगळी, आणि कित्येक अ‍ॅडऑन्स फक्त मुख्य टूलटिपकडे लक्ष देतात. मग ऑल्टवर जाऊन तीच वस्तू बघा. माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची खिडकी व्हेंडरची, कारण चूक तिथेच होते. विकलेलं परत घेता येतं, पण त्या यादीत शेवटच्या बाराच वस्तू राहतात. साफसफाईच्या भरात बारा विक्या कधी उलटतात ते कळत नाही.

नोंदीचा रंग बदलता येत असेल तर फिका निळा ठेवा. हिरव्या रंगात गेम वस्तूचे गुण दाखवतो आणि वस्तूचं पिवळं वर्णनही टूलटिपमध्येच येतं, त्यात तुमची ओळ हरवते. देवनागरीत लिहू नका असं सांगताना मलाच जड जातं, पण गेमच्या मूळ फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरं नाहीत. मी रोमन लिपीत मराठीच लिहिते, ‘vik’ ऐवजी ‘विक’ दिसलं असतं तर किती बरं वाटलं असतं.

आणि लिहायचं काय? ‘ठेव’ एवढंच लिहिलेली नोंद सहा महिन्यांनी काही सांगत नाही. माझ्या जुन्या बँकेत अशा चाळीसएक ‘ठेव’ होत्या, एकाचंही कारण आठवेना. आता मी कोणासाठी आणि कुठवर हे दोन्ही लिहिते: ‘प्रीस्टच्या टेलरिंगसाठी, ३०० झालं की विक’, म्हणजे त्या कॅरेक्टरचं शिवणकामाचं कौशल्य ३०० ला पोचेपर्यंत. ‘ही क्वेस्ट संपली की फेक’. अट लिहिली की वस्तू कधी सोडायची हे नोंदच सांगते.

नोंदी गिल्डमध्ये वाटायचा विचार तुम्ही शेवटी लिहिलाय. काही अ‍ॅडऑन्स ते करतात, पण गेममधून अ‍ॅडऑनचा एक संदेश २५५ बाइट्सच्या पुढे जात नाही, लांब नोंद तुकड्यांत जाते आणि समोरच्याकडेही तेच अ‍ॅडऑन लागतं. चार-पाच जणांसाठी ‘सेव्हड व्हेरिएबल्स’मधली फाइल थेट पाठवणं सोपं, मात्र घेणाऱ्याच्या स्वतःच्या नोंदी तिने पुसल्या जातील, म्हणून त्याला आधी त्याची फाइल बाजूला ठेवायला सांगा. तुमच्या बीएके फाइलमध्ये काय निघालं ते इथे लिहा. नोंदी असूनही दिसत नसतील तर फाइलच्या पहिल्या दहा ओळी टाका, क्रमांकावर बांधल्यात की लिंकवर ते त्यातून कळेल.