पाला कुजतो की सडतो?

विचारणा अशी आहे: पाचवीच्या मुलांसाठी परिसंस्थेचा तक्ता करायचा आहे. ‘विघटक’ या चौकटीत ‘जिवाणू आणि बुरशी मेलेली पाने सडवतात’ असे लिहावे की ‘कुजवतात’? की दोन्ही चालेल?

‘कुजवतात’ लिहा. दोन्ही शब्दांचे अर्थ जवळचे आहेत, पण बोलताना आपण त्यांची सरमिसळ फारशी करत नाही. शेतकरी ‘चांगलं कुजलेलं शेणखत’ मागतो; ‘चांगलं सडलेलं शेणखत’ कोणीच मागत नाही. कांदा मात्र चाळीत सडतो, आंबा पेटीत सडतो, वाफ्यात पाणी तुंबले की मुळे सडतात. सडले म्हणजे वस्तू हातची गेली. कुजले म्हणजे, निदान शेतीच्या बोलीत, ती दुसऱ्या कामाला लागली. ही सीमा काटेकोर नाही, हेही खरे. पिकांच्या रोगांना मूळकूज, कंदकूज, फळकूज अशीच नावे आहेत आणि तिथे नुकसानच असते. तरीही पालापाचोळा, लाकूड, शेण यांच्यासाठी मराठीचा कल स्पष्टपणे ‘कुजणे’कडे आहे.

या भेदाला विज्ञानाचाही बऱ्यापैकी आधार आहे. हवा खेळती असेल तर जिवाणू आणि बुरशी पाल्याचे हळूहळू कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि क्षार करतात. जो काळपट भुसभुशीत भाग उरतो त्याला पाठ्यपुस्तकात कुथित मृदा म्हणतात. हवा कोंडली की प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू ताबा घेतात. त्यांचे काम अर्धवट राहते, आम्ले आणि हायड्रोजन सल्फाइडसारखे वायू तयार होतात आणि नासक्या अंड्यासारखी घाण सुटते. आपण नाक मुरडून ‘सडलं’ म्हणतो ते बहुधा या दुसऱ्या प्रकाराला.

मुलांना हा फरक व्याख्येपेक्षा दोन बरण्यांत लवकर कळतो. एकेक लिटरच्या दोन प्लास्टिकच्या बरण्या घ्या. प्रत्येकीत ३ मुठी चुरलेला वाळका पाला, १ मूठ भाजीची देठे आणि साली, १ मूठ झाडाखालची माती घाला. माती विसरू नका, विघटक भरपूर असतात ते तिच्यातच. पहिल्या बरणीला बाजूने आणि झाकणाला ८-१० भोके मोठ्यांनी पाडून द्यावीत. आतला पाला ओला करा, पण मुठीत दाबला तर हाताला ओल लागावी, पाणी टपकू नये. दर ३-४ दिवसांनी खालीवर करा. दुसऱ्या बरणीत पाला बुडून वर दोन बोटे राहील इतके पाणी ओता आणि झाकण सैल ठेवा. घट्ट लावले तर वायू साठून फुगते. मांस, दूध, शिजलेले अन्न कशातच घालू नये.

दुसरी बरणी आठ-दहा दिवसांत वास मारू लागते. ती अंगणातच उघडावी, नाक आत घालू नये, नंतर हात साबणाने धुवावेत. पहिलीला दीड-दोन महिने द्या. पाला काळा आणि मऊ पडतो, वास ओल्या मातीचा येतो. तो वास बव्हंशी ॲक्टिनोमायसीट्स या जिवाणूंचा. पहिलीतही घाण आली तर पाणी किंवा साली जास्त झाल्या: वाळका पाला मिसळा आणि हलवा. काहीच घडत नसेल तर ती सुकली आहे. पाला आंब्या-फणसाचा असेल तर धीर धरा, ती पाने जाड आणि चिवट असतात. शेवग्याचा किंवा गिरिपुष्पाचा पाला फार लवकर विरतो.

आता तुमच्या वाक्यातला एक चांगला गुण. तुम्ही प्रयोजक रूप वापरले आहे, ते सोडू नका. बहुतेक तक्त्यांत ‘मेलेली पाने कुजतात’ एवढेच असते. मुलाला वाटते, लोखंड गंजावे तशी पाने आपोआप कुजतात. परिसंस्थेचा सगळा मुद्दा ‘कोण?’ या प्रश्नात आहे. गवत नाकतोडा खातो, नाकतोड्याला बेडूक, तसेच मेलेले पानही कोणीतरी खात असते. गांडूळ ते पोटातल्या पेषणीत मातीच्या कणांबरोबर भरडते, लाकडातले चिवट लिग्निन मुख्यतः बुरशी फोडते, उरलेले जिवाणू संपवतात. आणि मोकळे झालेले क्षार झाडाची मुळे पुन्हा उचलतात. भीमाशंकरच्या जंगलात पावसाळ्यात कुजत्या फांद्या रात्री हिरवट चमकतात. तो प्रकाश लाकडाचा नाही, लाकूड खाणाऱ्या मायसीना प्रजातीतल्या बुरशीचा आहे. ‘कोण कुजवतं?’ याचे डोळ्यांना दिसणारे इतके सुंदर उत्तर दुसरे नसेल.

एक दुरुस्ती मात्र सुचवतो. याच चौकटीत गिधाडाचे चित्र असेल तर काढा. ‘निसर्गाचे सफाई कामगार’ या लाडक्या शब्दप्रयोगाने गिधाड आणि बुरशी एकाच रांगेत बसतात. गिधाड मृतभक्षक आहे: मांस खाते, पचवते आणि त्याची विष्ठा पुन्हा विघटकांकडेच जाते. विघटक शरीराबाहेर पाचकरस सोडून अन्न विरघळवतात आणि मग शोषतात.

मुले घरातली उदाहरणे देतील तेव्हा क्रियापदे त्यांच्याकडूनच येऊ द्या. दूध नासते, वरण विटते, पीठ आंबते, पाव बुरसतो. ही चारही कामे सूक्ष्मजीवांचीच. खोबरे खवट होते ते मात्र बहुधा हवेने, तर धान्य किडते ते किड्यांमुळे. ही दोन वेगळी ठेवा. ‘हातसडीचा तांदूळ’ कोणी काढलाच, तर तिथला ‘सडणे’ म्हणजे कांडून कोंडा काढणे, त्याचा कुजण्याशी संबंध नाही.

चौकटीत असे लिहा: ‘जिवाणू आणि बुरशी मेलेली पाने व प्राणी कुजवतात. त्यातून सुटलेले क्षार झाडे पुन्हा घेतात.’ प्राण्यांसाठी ‘सडवतात’ हवेसे वाटेल, कारण मेलेले जनावर सडते असेच आपण म्हणतो. पण एका वाक्यात दोन क्रियापदे आली तर मुले त्या दोन वेगळ्या क्रिया समजतील.