‘सपोर्ट’ला एकच मराठी शब्द शोधू नकोस

प्रिय बाळा,

अनुवादाच्या सरावाला दिलेले उतारे तू पाठवलेस, काल रात्री बसून वाचले. ‘सपोर्ट’ दिसेल तिथे तू ‘समर्थन’ लिहिलंयस. फोन मराठीचं समर्थन करतो, खांब छताचं समर्थन करतो, आई घराचं समर्थन करते. अगं, समर्थन मताचं करतात, कृतीचं करतात. त्यात बाजू घेणं आहे. खांब कुणाची बाजू घेत नाही.

तुझ्या वयात मीही असाच चुकलो होतो. अहवाल दाव्याला ‘सपोर्ट’ करत नाही, असं इंग्रजी बातमीत होतं. मी लिहिलं, ‘अहवालाचा दाव्याला पाठिंबा नाही’, आणि ते तसंच छापलं गेलं. अहवालातून दाव्याला दुजोरा मिळत नव्हता, एवढंच म्हणायचं होतं.

शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये आहे. ‘सब’ म्हणजे खालून, ‘पोर्तारे’ म्हणजे वाहून नेणं. सोलापूरच्या पोरीला हे वेगळं समजवायला नको. संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेत बाराबंदी घातलेला माणूस तो उंच नंदीध्वज घेऊन चालतो, तेव्हा त्याने नंदीध्वज ‘पेलला’ असं आपण म्हणतो. नुसता ‘धरला’ म्हणत नाही. धरायला हात पुरतो, पेलायला सगळं अंग लागतं. त्यासाठी आधी कितीतरी दिवस सराव चाललेला असतो. म्हणून हा शब्द समोर आला की आधी बघ, भार कशाचा आहे आणि तो कोण पेलतंय. मराठी क्रियापद तिथूनच सापडतं.

ओल्या स्लॅबला खालून टेकू देतात. सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळून लेकरं वाढवणारी बाई घर चालवते, संसार ओढते. सभेत ठरावाला अनुमोदन, निवडणुकीत उमेदवाराला पाठिंबा. तुरीच्या ‘मिनिमम सपोर्ट प्राइस’ला सरकारी कागदावर ‘किमान आधारभूत किंमत’ म्हणतात, पण बाजार समितीत शेतकरी हमीभावच विचारतो. तूही हमीभावच लिही.

कॉम्प्युटरच्या बाबतीत जास्त जपून. फोन मराठीला ‘सपोर्ट’ करतो म्हणजे त्यावर मराठी चालतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, तेव्हा आपल्या गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याला वाटलं, आता मशीन बंदच पडणार. मशीन चालूच राहतं. थांबतात ते कंपनीकडून येणारे सुरक्षेचे नेहमीचे मोफत अपडेट. वाक्यात तेच लिहिलं असतं तर तो उगाच घाबरला नसता. ‘कस्टमर सपोर्ट’ मात्र खुशाल राहू दे, ‘सपोर्टला फोन लाव’ हे आता सगळे म्हणतात. लोकांच्या तोंडात बसलेला शब्द उपटायचा हट्ट मला पटत नाही.

तुझ्या शेवटच्या उताऱ्यात ‘लाइफ सपोर्ट’ आहे. तिथे तू ‘जीवन समर्थन’ लिहिलंयस. त्याबद्दल सांगायचं म्हणून तर हे पत्र.

माझे वडील अतिदक्षता विभागात होते. बाहेर बाकड्यावर आई बसलेली, मांडीवर डबा, भाकरी फडक्यात बांधलेली. डॉक्टर घाईत येऊन म्हणाले, “सपोर्टवर ठेवलंय,” आणि पुढे गेले. आईचा चेहरा उजळला. मला म्हणाली, “आधार दिलाय म्हणं, आता बरं वाटंल त्यांना.” श्वास मशीन घेतंय, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मला कळलं होतं, पण मलाही सांगता आलं नाही. दोन दिवस ती रोज ताजी भाकरी करून आणत होती.

तो उतारा आधी दुरुस्त कर. ‘रुग्णाचा श्वास यंत्राच्या मदतीने चालू ठेवला आहे’ असं लिही. वाक्य लांबेल, लांबू दे. झालं की मोठ्याने वाचून बघ, आणि शक्य असेल तर तुझ्या आजीला वाचून दाखव. तिने काय अर्थ लावला तो मला रविवारी येशील तेव्हा सांग. बाकीचे उतारे आपण तेव्हा बसून बघू.

तुझा,
काका