झेंडू त्यांचा की आपला?

प्रिय सई,

'कोको' हा मेक्सिकोतल्या गोष्टीचा सिनेमा बघून झाल्यावर तू विचारलंस, "बाबा, त्यांच्याकडे झेंडू मेलेल्या माणसांसाठी असतो, मग आपण तो दसऱ्याला दारावर का बांधतो? दसरा तर आनंदाचा सण ना?" प्रश्न मला फार आवडला, म्हणून उत्तर लिहूनच देतोय.

झेंडू मूळचा मेक्सिकोचाच. आपल्याकडे तो बहुधा पोर्तुगीजांच्या जहाजांतून आला आणि असा रुजला, की झेंडूवाचून दसऱ्याचं तोरण कुणाला सुचतच नाही. तिकडे 1 आणि 2 नोव्हेंबरला त्याच्या पाकळ्यांची वाट घालतात, गेलेल्यांना घर सापडावं म्हणून. सिनेमातला केशरी पूल त्यातूनच आलाय. आपला पितरांचा पंधरवडा भाद्रपदात. श्राद्धाला पांढरी फुलं, माका, तुळस आणि कावळ्यासाठी गच्चीवर पान. सर्वपित्री अमावास्या झाली की घट बसतात, आणि मग सगळा बाजार झेंडूने पिवळा होतो.

मला मात्र तो पूल बघताना आजोबांचं वर्कशॉप दिसत होतं. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, ऑइल इंजिनाचे सुटे भाग कातायचं. सिनेमातल्या मिगेलच्या घरचे सगळे बूट शिवतात ना, त्यांची ती कामाची खोली दिसली तेव्हाच माझं मन तिकडे गेलं होतं. खंडेनवमीला आमची मशीनं बंद. रॉकेलच्या चिंध्यांनी लेथ, म्हणजे कातायचं यंत्र, पुसायचं, खाली साचलेला लोखंडाचा कीस झाडून काढायचा, आणि मग लेथला, ड्रिलला, अगदी पान्यांच्या पेटीलाही कुंकू आणि झेंडूचा हार. नारळ फुटला की चिरमुरे-पेढे. ग्रीस आणि झेंडू यांचा मिळून एक वास असतो. परवा सोफ्यावर बसल्या बसल्या मला तो आला, खरंच आला.

शेवटचा हार भिंतीवरच्या फोटोला, तुझ्या पणजोबांना. मी त्यांना पाहिलेलं नाही. पण हार घालताना आजोबा दरवर्षी तीच गोष्ट सांगायचे: पहिलं लेथ बैलगाडीतून कसं आलं, आणि उतरवायला अख्खी गल्ली कशी धावली. कामगारांना ती इतकी पाठ होती, की अर्धी वाक्यं तेच पुरी करायचे. सिनेमात ज्याची आठवण काढणारं कुणी उरत नाही तो पलीकडच्या जगातूनही नाहीसा होतो. त्या वेळी मी तुझा हात घट्ट धरला होता. मला ती बैलगाडी आठवत होती.

तेव्हा माझ्या मते आपल्याकडे झेंडू सुखाचाही नाही आणि दुःखाचाही नाही. ज्यांच्या जिवावर घर चालतं त्यांना तो घालायचा. दाराला, गाडीला, लेथला, आणि ते लेथ आणणाऱ्यालाही. आजीला विचारलंस तर ती देवीचं महात्म्य सांगेल, तेही ऐक.

पणजोबांचा फोटो मी आजीकडून मागवलाय. इथल्या मेक्सिकन दुकानात झेंडू मिळेल, हार आपण दोघं ओवू. तुला कशाची पूजा करायची ते तू ठरव. सायकलची करणार असशील तर साखळीतला चिखल आधी काढ. आजोबा मळक्या मशीनला हार घालू देत नसत.

तुझा,
बाबा