मुलाला तीन आठवडे ताप, प्लीहा वाढलेली, ईबीव्ही (एपस्टाईन-बार विषाणू) पॉझिटिव्ह. मॅरो (हाडातल्या मगजाची सुईने तपासणी) करावा की आधी स्टेरॉइड?

तुमचा मुलगा ६ वर्षांचा, प्लेटलेट ६२ हजार, फेरिटिन (लोह साठवणारं प्रथिन) ४,८००. कोल्हापुरातल्या डॉक्टरांना एचएलएचचा (संरक्षक पेशी बेभान होण्याच्या आजाराचा) संशय आहे, घरचे म्हणतात सुई नको, आधी स्टेरॉइड देऊन बघू.

मॅरो आधी करा. रक्ताचा कॅन्सरही अगदी असाच सुरू होतो आणि स्टेरॉइड पडलं की त्याच्या पेशी काही दिवसांत दबतात, मग मॅरोत नेमकं तेच दिसत नाही. पोर खचत असेल, झटके येत असतील, तर उपचार थांबवायचे नाहीत. मॅरो त्याच दिवशी उरकून औषध सुरू करतात.

एचएलएचमध्ये शरीराच्याच संरक्षक पेशी बेभान होऊन रक्तपेशी गिळतात. २००४च्या निकषांत आठांपैकी पाच खुणा लागतात. फेरिटिन ५०० च्या वर ही त्यातली एकच. उपाशीपोटी ट्रायग्लिसराइड २६५ किंवा जास्त, नाहीतर फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारं प्रथिन) १५० किंवा कमी, ही दुसरी. या दोन्ही तपासण्या झाल्यात का, विचारा. आणि ताप तसाच असताना ईएसआर (रक्तपेशी खाली बसण्याचा वेग) उतरला तर बरं वाटून घेऊ नका, फायब्रिनोजेन संपत आल्याची ती खूण असते.

ईबीव्हीचा आयजीजी (जुन्या संसर्गानंतरही राहणारी प्रतिपिंडं) बहुतेक मोठ्या माणसांतही पॉझिटिव्ह येतो, त्यावरून आजचा आजार कळत नाही. रक्तातला ईबीव्ही पीसीआर (विषाणूच शोधणारी तपासणी), तोही आकड्यासकट, मागा. तीन महिन्यांहून जास्त काळ तो आकडा आणि लक्षणं टिकली, तर जुनाट ईबीव्हीचा विचार होतो.

स्क्रब टायफस (बारीक किड्याच्या चाव्याने होणारा ताप) विसरू नका. उसाच्या रानात खेळणाऱ्या मुलाच्या काखेत, जांघेत, कानामागे काळी खपली शोधा. त्यानेही एचएलएच होतो आणि डॉक्सिसायक्लिनने तो आटोक्यात येतो. डेंगी, मलेरिया, क्षयही तपासून घ्या.

एचएलएच आनुवंशिक आहे का हे बघणाऱ्या पर्फोरिन (संरक्षक पेशींतलं प्रथिन) आणि एनके पेशींच्या (एक प्रकारच्या संरक्षक पेशी) तपासणीला ताजं रक्त लागतं. नमुना पुण्या-मुंबईला जाणार असेल तर शनिवारी काढू नका, रविवारी तो नुसता पडून राहतो. तोही शक्यतो स्टेरॉइडच्या आधीचा हवा.

तोवर तालीम आणि पेठेतला फुटबॉल पूर्ण बंद, वाढलेली प्लीहा धक्क्याने फुटू शकते. तापाला फक्त पॅरासिटामॉल, वजनाच्या हिशेबाने. आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन नको, दंडात-कुल्ल्यात इंजेक्शनही नको. शौचाला काळं होणं, गुंगी, झटका दिसला तर रात्रीच सीपीआरच्या (कोल्हापूरचं छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) अपघात विभागात किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्या.

आजार आनुवंशिक निघाला तर पुढे बोन मॅरो ट्रान्सप्लांट लागतो, आणि त्याचा दाता घरचाच असू शकतो. म्हणून आत्ता रक्त चढवायचं झालं तर आई-वडील, भाऊ-बहिणीचं घेऊ नका, रक्तपेढीतून विकिरण केलेलं मागा.