‘हातका मैला’ ही ओळ कोणाची?

प्रश्न : परदेशी नोकरीला निघालेल्या मित्राला निरोप देताना माझ्या नेपाळी सहकाऱ्याने ‘हातका मैला सुनका थैला’ अशी एक ओळ म्हटली आणि त्याचा गळा दाटून आला. ही ओळ कोणाची?

उत्तर : महाकवी लक्ष्मीप्रसाद देवकोटा यांची. १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मुनामदन’ या खंडकाव्यातली. पुरं कडवं असं : ‘हातका मैला सुनका थैला के गर्नु धनले, साग र सिस्नु खाएको बेस आनन्दी मनले.’ सोन्याच्या थैल्या म्हणजे हातचा मळ, त्या धनाला काय करायचं? त्यापेक्षा आनंदी मनाने भाजीपाला आणि सिस्नु खाल्लेला बरा.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा एकाच शब्दाला अडले : सिस्नु. ही डोंगरातली रानभाजी. कातडीला लागली की आग होते, म्हणून चिमट्याने खुडतात. शिजली की मऊ पडते. गरिबाघरचं जेवण. बाकी हात, मैला, थैला, धन ओळखीचेच, आणि ‘बेस’ तर आपल्याच गावाकडचा!

कमाईसाठी ल्हासाला निघालेल्या मदनला त्याची बायको मुना हे विनवते. तो ऐकत नाही. परतीच्या वाटेवर आजारी पडतो, सोबती त्याला रानात टाकून जातात, आणि एक भोटे, म्हणजे तिबेटी वंशाचा डोंगरी माणूस, त्याला घरी नेऊन जगवतो. उच्च जातीचा मदन त्याच्या पाया पडतो : माणूस मोठा होतो तो मनाने, जातीने नव्हे. इकडे मदन मेल्याच्या खोट्या बातमीने मुना गेलेली असते.

हे सगळं देवकोटांनी झ्याउरे या लोकगीताच्या चालीत लिहिलं. पंडित या चालीला हलकी समजत. संस्कृत वृत्तं येत नव्हती म्हणून देवकोटांनी ही चाल घेतली, असं मुळीच नाही. पुढे त्यांनी ‘शाकुन्तल’ हे महाकाव्य संस्कृत वृत्तांमध्येच लिहिलं. लोकांच्या तोंडची चाल त्यांनी जाणून निवडली, आणि मला त्यांचं हेच मोठेपण वाटतं.

१९०९ मध्ये लक्ष्मीपूजनाच्या रात्री काठमांडूत जन्म, म्हणून नाव लक्ष्मीप्रसाद. पण पैशाची ओढाताण कधी संपली नाही. १९५९ मध्ये कर्करोगाने ते गेले. माझं बाकी सगळं जाळा पण ‘मुनामदन’ राखा, असं ते अखेरीस म्हणाल्याचं सांगतात.

आजही नेपाळमधली हजारो तरुण मुलं आखाती देशांत कामाला जातात. तुमच्या सहकाऱ्याचा गळा का दाटला, ते आता तुम्हाला उमगेल. त्याला ते कडवं चालीवर म्हणायला सांगा, आणि मग पुस्तक मूळ नेपाळीतच वाचायला घ्या. लिपी देवनागरीच आहे.