दोन क्लबांपैकी एक निवडताना

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

युरोपातल्या एका नामांकित क्लबच्या राखीव संघाचे आणि दुसऱ्या देशातल्या लहान क्लबच्या मुख्य संघाचे, अशी दोन बोलावणी तुला आली असून घरचे सगळे पहिल्याकडे झुकले आहेत, हे तुझ्या पत्रावरून समजले. माझे मत दुसऱ्या क्लबच्या बाजूने आहे आणि ते मी फुटबॉलपटू मार्टिन ओडेगार्डच्या वाटचालीवरून बनवले आहे.

नॉर्वेतल्या ड्रामेनचा हा मुलगा २०१४ मध्ये, पंधराव्या वर्षीच, तिथल्या स्ट्रॉम्सगोडसेट क्लबकडून आणि देशाकडूनही खेळला, आणि जानेवारी २०१५ मध्ये स्पेनच्या रेआल माद्रिदने त्याला घेतले. (फिफाच्या नियमाने अठरा वर्षांखालच्या खेळाडूला परदेशी क्लबात सहसा जाता येत नाही, युरोपातल्या अनेक देशांना आपापसांत सोळाव्या वर्षापासून मुभा आहे. त्यामुळे तुला थांबावे लागले याची खंत करू नकोस.) तिथे सराव मुख्य संघाबरोबर आणि सामने राखीव संघाकडून, असे ना धड इकडे ना धड तिकडे त्याचे दिवस गेले, आणि एवढा गाजलेला मुलगा वाया गेला, असे लोक म्हणू लागले.

त्याला सावरले ते नेदरलँड्समधल्या दोन क्लबांनी. २०१७ मध्ये हेरेनवीन आणि २०१८ मध्ये विटेस इथे तो लोनवर, म्हणजे करार माद्रिदशीच ठेवून काही काळापुरता, गेला. तिथे माद्रिदचे वलय नव्हते, पण आठवड्यामागून आठवडे मोठ्या माणसांविरुद्ध खेळायला मिळत होते, अंगावर धावून येणाऱ्या बचावपटूसमोर चेंडू कधी सोडायचा आणि कधी राखायचा हे प्रत्यक्ष सामन्यात शिकता येत होते, आणि माझ्या मते सरावाच्या मैदानावर हे कितीही घोटले तरी येत नाही. पुढच्या मोसमात तो स्पेनमधल्याच रेआल सोसिएदादकडे गेला आणि ६ फेब्रुवारी २०२० रोजी, कोपा देल रे या स्पॅनिश चषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत, माद्रिदच्या बर्नाबेऊ मैदानावर स्वतःच्याच मूळ क्लबविरुद्ध त्याने सामन्यातला पहिला गोल केला. सोसिएदादने तो सामना ४-३ असा जिंकला. माद्रिदला परतल्यावर पुन्हा बाकावर बसण्याची वेळ आली, तेव्हा जानेवारी २०२१ मध्ये त्याने इंग्लंडच्या आर्सेनलची वाट धरली आणि २०२२ मध्ये तो तिथला कर्णधार झाला.

आपला गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधू २०१४ मध्ये नॉर्वेच्या स्टाबेक क्लबमध्ये गेला आणि २०१६ मध्ये युरोपा लीग या युरोपीय क्लबांच्या स्पर्धेच्या पात्रता फेरीत खेळला, पण लीगचे सामने फार थोडे मिळाल्याने २०१७ मध्ये बंगळुरूला आला. त्याला माघार म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. गोलरक्षकाची जागा संघात एकच असते.

सही करण्यापूर्वी तुझ्या जागेवर तिथे आणखी किती जण आहेत, त्यांचे करार कधी संपतात आणि तुला मागवणारा प्रशिक्षक पुढच्या मोसमात असेल का, हे विचारून घे. संघ खालच्या विभागात घसरल्यास पगार किती कापला जाईल, हे करारात नेमके लिहून घे, आणि तिथली भाषा आजपासून शिकायला लाग. मसुदा हाती आला की आधी वकिलाला दाखव आणि एक प्रत मला पाठव.

तुझा,
सर