वाचक विचारतात : टाके, फासे आणि शिड्या

प्रश्न : टेरी टॉवेलच्या कारखान्यात काम करतो. फासे (धाग्याचे वळसे) टॉवेलवर असतात आणि बनियनमध्येही. मग टॉवेल बनियनसारखा ताणला का जात नाही?
– एक वाचक, अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर : टॉवेलचे फासे कापडाच्या वर असतात, कापड त्यांच्या जिवावर उभे नसते. तुमच्या मागावर दोन बीम (ताणा, म्हणजे उभे धागे, गुंडाळलेले रूळ) असतात. पायाच्या ताण्याचा घट्ट, फाशांचा सैल. नेहमीच्या तीन बाण्यांच्या (आडव्या धाग्यांच्या) टेरीत पहिले दोन बाणे फणी, म्हणजे बाणे ठोकणारी कंगव्यासारखी पट्टी, विणलेल्या कापडाच्या थोडे अलीकडेच सोडते आणि तिसरा पडला की तिन्ही एकत्र ठोकते. ताठ ताण्यावरून बाणे नुसते सरकतात. सैल ताणा मात्र त्यांच्यात अडकून पुढे ओढला जातो आणि उभा राहतो. तोच फासा. सगळे फासे कातरले तरी खाली कापड शिल्लक राहते.

बनियनमध्ये हा ताणा-बाणा नाहीच. एकच धागा आडवा जाताना मागच्या ओळीच्या प्रत्येक फाशातून नवा फासा काढतो. आडवे ओढले की फाशाची उंची घटते नि रुंदी वाढते. धागा लांबत नाही, त्याचे वळण बदलते. म्हणून टॉवेलचा फासा निघाला तर कात्रीने कापा, ओढू नका. बनियनचा निघाला तर कापू नका, नाहीतर उभी शिडी सुटेल. बारीक सुईने तो आत ओढून घ्या.

प्रश्न : सुयांवरचे विणकाम किती जुने? उलट टाका (समोर उंचवटा दिसणारा) नंतर आला, हे खरे का?
– एक वाचक, होटगी रोड

उत्तर : संग्रहालयांतले इजिप्तचे तिसऱ्या ते पाचव्या शतकातले पायमोजे, चपलेसाठी अंगठा वेगळा असलेले, नेहमी ‘सर्वात जुने विणकाम’ म्हणून दाखवतात. पण ते नेढे असलेल्या एकाच सुईने, धाग्याचे तुकडे जोडत केलेले आहेत. दोन किंवा जास्त सुयांवरचे खरे विणकामही इजिप्तमधलेच, पण अकराव्या ते चौदाव्या शतकातले : निळे-पांढरे सुती मोजे. युरोपात स्पेनच्या बुर्गोसजवळच्या मठात, 1275 मध्ये वारलेल्या राजपुत्राच्या थडग्यात रेशमी विणीची उशी मिळाली.

उलट टाक्याचा माहीत असलेला जुना पुरावा म्हणजे 1562 मध्ये फ्लॉरेन्सला पुरलेल्या तिथल्या डचेस एलेओनोरा दि तोलेदोचे मोजे. चार-पाच सुयांवर गोल विणताना बाहेरची बाजू कायम समोर असते, त्यामुळे नुसत्या सुलट टाक्यांवर काम भागते. सपाट विणताना काम उलटावे लागते आणि तिथे उलट टाक्याशिवाय सुलट पोत येत नाही.

यंत्र मात्र लवकर आले. नॉटिंगहॅमजवळच्या कॅल्व्हर्टनच्या विल्यम ली यांनी 1589 मध्ये मोज्यांचा माग बनवला. इंग्लंडमध्ये पेटंट मिळाले नाही म्हणून ते फ्रान्सला गेले.

प्रश्न : टी-शर्टसाठी घेतलेल्या होजियरीवर एकच बारीक उभी रेघ दिसते. धुऊन जाईल का?
– शिवणकाम करणारी वाचक, साखर पेठ

उत्तर : जाणार नाही. गोल यंत्रावर प्रत्येक उभी ओळ एकेक सुई विणते. सुई खाली येताना जुना फासा तिची झडप (आकड्याचे तोंड बंद करणारी छोटी पट्टी) मिटवतो आणि वरून निसटतो. झडप वाकली किंवा आकडा झिजला की त्याच सुईची ओळ ठाण संपेपर्यंत बिघडते. आडवा पट्टा असेल तर दोष बहुधा सुताच्या जाडीत किंवा ताणात. कापण्याआधी कापड उजेडासमोर धरा, रेघ शिवणीत किंवा काखेखाली घाला. टाके सुटलेले असतील तर ठाण परत करा.

प्रश्न : बाळासाठी सुती स्वेटर विणायचा आहे. टाके किती घालू?
– एक आजी, विजापूर रोड

उत्तर : आधी 15 सेंमीचा चौकोन विणा, धुवा, वाळवा आणि मधल्या 10 सेंमीतले टाके मोजा. न धुता मोजलेला चौकोन फसवतो. समजा 24 आले. बाळाची छाती 48 सेंमी, मोकळेपणासाठी 6 धरा, म्हणजे 54 सेंमीला 130 टाके. पुढे-मागे 65-65, शिवणीसाठी प्रत्येकी 2 जास्त. तुमचा हात सैल पडून 10 सेंमीत 22 च बसले तर तोच स्वेटर 59 सेंमी होईल. सुताला लोकरीची उसळी नसते, त्यामुळे एक सुलट एक उलटची बॉर्डर लवकर सैल पडते. बॉर्डर एक-दोन नंबर बारीक सुयांवर विणा. सोलापूरच्या उन्हाळ्याचा विचार करून सूत पातळच घ्या. जाड सुताचा स्वेटर ओला झाला की स्वतःच्या वजनाने लोंबतो. वाळवताना दोरीवर टाकू नका, पसरून ठेवा.